उतारावरचं डांबर

साळमळे, २ मे १९६३

सत्या,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद घे आणि आधी आनंदाची बातमी ऐक. सुगंधावन्संचं लग्न छान पार पडलं. तुला रजा मिळाली नाही याचा राग होता, पण तो आता उरला नाही, कारण तुझ्याऐवजी तुझा रस्ता लग्नाला हजर होता.

वऱ्हाड शिरोड्याहून दोन मोटारींतून आलं. नवरदेवाचं धोतर पांढरंशुभ्र निघालं होतं ते तसंच पांढरंशुभ्र पोचलं. मागच्या वर्षीपर्यंत याच वाटेने माणूस आला की भुवयांपर्यंत तांबडा व्हायचा. मामंजी तर हवेत होते. जो भेटेल त्याला सांगत होते, "ह्यो रस्तो माझ्या सुनेच्या भावान केल्यान. ओव्हरसियर आसा तो." सारा गाव त्यांना भाई म्हणतो, त्यांच्या शब्दाबाहेर जात नाही, आणि ते भाई मांडवात माझ्या माहेराचं नाव घेत होते. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण या घरात मी एवढी ताठ मानेने कधी वावरले नव्हते.

एक गंमत सांगते. तुझ्या लोकांनी आमच्या दारापुढून गटार खणलं आहे ना, त्यात मोटारीचं चाक अडकलं असतं. म्हणून मामंजींनी ते जांभ्याच्या तुकड्यांनी आणि मातीने भरून घेतलं. गडी कमी पडले तेव्हा मीही पदर खोचून घमेली वाहिली. वरून यांनी चोपण्याने चोपलं. मोटार थेट अंगणात आली, तुळशीपर्यंत!

तू दिलेलं गजराचं घड्याळ ओटीवर ठेवलं आहे. लोक ते बघायला येतात.

तुझी
बाय

*

सावंतवाडी, १४ मे १९६३

बाय,

तुझं पत्र वाचून मांडवात बसल्यासारखं वाटलं. भिकाजी भावोजींना आणि मामंजींना माझा नमस्कार सांग.

पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ते गटार पावसाच्या आधी मोकळं करायला हवं. तुला हे लहानसं वाटेल, म्हणून नीट सांगतो. डांबर उन्हाने मऊ होतं, गाड्यांखाली झिजतं, पण मरतं ते पाण्याने. रस्त्याला आम्ही मधोमध उंच पाठ ठेवतो. पावसाचं पाणी दोन्ही कडांना घसरावं आणि गटाराने निघून जावं, एवढ्यासाठी. गटार बुजलं की ते पाणी कडेने डांबराखाली शिरतं. खालची माती मळलेल्या पिठासारखी होते. वरून मात्र रस्ता धडधाकट दिसतो. मग एक दिवस एखादी गाडी जाते आणि सगळं खाली बसतं. आपल्याकडच्या पावसात नवा रस्ता टिकवायचा तर डांबराइतकीच गटाराची काळजी घ्यायला हवी.

मोटार अंगणात यायला हवी असेल तर गटारावर जांभ्याच्या लाद्या टाका. वरून चाक जाईल, खालून पाणी जाईल. त्या भागात रस्त्याची निगा राखणारा मैलकुली लवू आहे, त्याला मी पाठवतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मामंजींना तू समजावून सांग. माझं नाव घेतलंस तर ऐकतील.

तुझा
सत्यवान

*

साळमळे, २८ जून १९६३

सत्या,

लवू आला होता. कुदळ खांद्यावरून उतरवली तोच मामंजी ओटीवरून गरजले, "माझ्या दारात खणूक तुका कोणी सांगल्यान?" त्याने तुझं नाव सांगितलं. मामंजी म्हणाले, "ओव्हरसियर तुझो सायब, माझो न्हय." तो बिचारा गेला. मी चुलीपुढे होते. बाहेर आले नाही. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवायचं मनात होतं, पण सुगंधावन्सं श्रावणात माहेरी यायच्या आहेत आणि जावयाची मोटार पुन्हा तुळशीपर्यंत यावी असा त्यांचा हट्ट आहे. एवढ्याशा गटारासाठी सासऱ्यांशी कोण वाद घालणार? तूच सांग.

बाकी रस्ता झकास आहे. एस.टी. दिवसातून दोनदा जाते. मुलं हात करतात, ड्रायव्हर भोंगा वाजवतो. देवळाखालच्या उतारावर थाळीएवढा एक खड्डा पडला आहे, पण तो आमच्या घरापासून बराच खाली. आमचा शेजारी आंतोन पोदेर सकाळी सायकलवरून पाव घेऊन जातो, तो त्या खड्ड्याला रोज "देव बरे करू" असा आशीर्वाद देतो आणि चुकवून जातो.

तुझी
बाय

*

साळमळे, ६ ऑगस्ट १९६३

सत्यवान,

काय लिहू आणि कसं लिहू? उतारावरचा रस्ता गेला. थाळीएवढा खड्डा आधी परातीएवढा झाला, मग एका आठवड्याच्या पावसात अर्धा रस्ता पापुद्र्यासारखा सुटून खाली शेतात गेला. एस.टी. बंद झाली. आरोंद्याची माणसं पुन्हा चालत शिरोड्याला जातात, चिखल तुडवत आणि तुझं नाव घेत.

आणि आंतोन पडला. भगदाडात पाणी भरलं होतं, त्याला वाटलं नुसतं डबकं आहे. सायकल, पावाची टोपली, सगळं आत. पाय गुडघ्याखाली मोडला. डोलीतून सावंतवाडीला नेला. हाड वाकडं जुळलं आहे असं डॉक्टर म्हणतात. त्याची जुलिया आता डोक्यावर टोपली घेऊन पाव विकते.

गावात एकच बोलणं आहे, ओव्हरसियराने डांबर खाल्लं. सर्वांत मोठा आवाज माझ्या घरातून निघतो. मामंजी ओटीवर चार माणसं जमवून घड्याळाकडे बोट दाखवतात, "हां बघा. ह्या घड्याळ डांबराचा." माणसं हसतात. मी आत भाकऱ्या थापते. लग्नाच्या मांडवात तुझं नाव घेणारं तेच तोंड, तोच आवाज.

मी त्यांना उत्तर दिलं असतं. पण परवा कोणीतरी म्हणालं, ओव्हरसियर येऊन गेला, भर पावसात रस्त्यावर उभा होता. आणि तू घरात आला नाहीस! बहिणीच्या दारावरून परत गेलास. ज्याच्या मनात काही नाही तो माणूस असं करेल का रे? तेव्हा माझंही मन डळमळलं. मला एकदा लिहून कळव की हे खोटं आहे. नुसतं खोटं आहे एवढं लिही, मी पुरावा मागणार नाही.

घड्याळ रजिस्टर पार्सलने परत पाठवते आहे. ते ओटीवर असलं की मला बाहेर जाता येत नाही.

आनंदी

*

सावंतवाडी, १७ ऑगस्ट १९६३

बाय,

पार्सल मिळालं.

रस्ता ज्याच्या ताब्यात, चूकही त्याची. साहेबांनी विचारणा केली, मी देखरेख कमी पडली असं लिहून दिलं. माझी बदली मंगळवेढ्याकडे झाली आहे. वरच्या जागेसाठी माझं नाव होतं, ते आता नाही. पुढच्या आठवड्यात निघतो.

आंतोनचा पाय मनातून जात नाही.

तू कोणाशी वाद घालू नकोस. तुला त्या घरात राहायचं आहे.

सत्यवान

*

साळमळे, २२ सप्टेंबर १९६३

सत्या,

खोटं आहे असं तू लिहिलं नाहीस. पत्र वाचून मी ते चुलीत टाकलं, आणि महिनाभर तुझं नाव काढलं नाही. कोणी विचारलं तर, बदली झाली, एवढंच म्हणायचे, खाली बघून.

गेल्या रविवारी जुलिया पाव घेऊन आली. मी तिच्याकडे बघत नव्हते. त्या दिवसांत मी तिच्याशी बोलताना टोपलीकडेच बघायचे. तिने टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "आनंदी, तुझो भाव आमच्याकडे इल्लो, तुका ठावक आसा?"

मी नाही म्हणाले.

"आंतोनाच्या पायाकडे बसान ऱ्हवलो. चाय दिलंय ती तशीच थंड झाली. मी इचारलंय, बहिणीकडे जावंक नाय? तर म्हणालो, तिच्या दारासूनच इलंय, तिका सांगू नको. आता तो हयसून गेलो, म्हणान सांगतंय."

"दारापर्यंत आला आणि आत का आला नाही?"

"त्या दिवशी मी माडाखाली उभी होतंय. तो तुमच्या दारात, पावसात, खाली बघत उभो होतो. मगे पाण्यावांगडा चलत चलत उतारापर्यंत गेलो. परत इलो. परत बघलो. तुमचा भरलेला गटार बघी होतो गो."

एवढं बोलून तिने टोपली उचलली. रागाने बोलली असती तर मी काहीतरी म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी सर आली तेव्हा मी इरलं घेऊन दारात जाऊन उभी राहिले. डोंगराकडून गटारातलं पाणी जोराने येत होतं. आम्ही भरलेल्या जागेशी ते थडकायचं, फुगायचं आणि रस्त्यावर चढायचं. मग डांबराच्या कडेकडेने थेट देवळाखालच्या उताराला. मी त्याच्याबरोबर चालत गेले, तू गेला असशील तशीच. जिथे पाणी पोचलं तिथेच भगदाड होतं. त्या भरावावर आता गवत उगवलं आहे, कोणाला वाटेल तिथे गटार कधी नव्हतंच. पण त्यातली माती माझ्या डोक्यावरून गेली आहे, सत्या. तुझं पत्रही मी वाचलं होतं. अक्षर ना अक्षर वाचलं होतं.

रात्रीची वाट न बघता दुपारी जेवायला वाढताना बोलले, "मामंजी, दारातलं गटार उघडायला हवं. रस्ता त्याने गेला."

त्यांचा घास हातात राहिला. "तुझ्या भावाचा पाप माझ्या दारात हाडू नको."

"त्याचं नाही. आपलंच आहे. मी बघितलं."

ते ताटावरून उठले. यांनी मान वर केली नाही.

सकाळी मी कुदळ घेतली. माणसं देवळात जायला निघाली होती. बाई रस्त्यावर खणते आहे, तीही भाईंची सून, म्हणून एकेक थांबत गेला. सांगायची गरज नव्हती. जांभ्याचे तुकडे वर येऊ लागले आणि तुंबलेलं पाणी सुटून पलीकडे धावलं, तसं उभ्या माणसांना आपोआप कळलं. मला वाटलं होतं खणताना हलकं वाटेल. नाही वाटलं. सगळ्यांसमोर लुगडं फिटल्यासारखं वाटत होतं.

मग हे बाहेर आले. कुदळ माझ्या हातातून काढून घेतली. वाटलं, आता फेकून देतील. पण ते खणू लागले. आत मामंजींनी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

तू मला वाचवायला गप्प बसलास. आणि मी तुला चोर समजले.

बाय

*

मंगळवेढा, ९ ऑक्टोबर १९६३

बाय,

तुझं पत्र मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो.

तू मला मोठा करते आहेस, तसं करू नकोस. त्या दिवशी पावसात उभा असताना मला सगळं दिसत होतं. साहेब नंतर जीपमधून आले, त्यांनी उतारावरचं भगदाड बघितलं आणि तिथूनच परत फिरले. वर चालत कोणी गेलं नाही. मी नेऊ शकलो असतो. माझ्या मनात आलं, भाईंना नोटीस लागेल आणि त्याचा सूड माझ्या बहिणीच्या ताटात वाढला जाईल. म्हणून देखरेख कमी पडली असं लिहिलं आणि मनात स्वतःला शाबासकी दिली.

आता कळतं की मी तुझं घर सांभाळलं, रस्ता नाही. खोटं कारण लिहिलं म्हणजे खरं कारण तिथेच, दारात, तसंच राहिलं. नवा माणूस येऊन उतारावर पुन्हा नवं डांबर ओतणार, पुढच्या आषाढात ते पुन्हा जाणार, आणि आणखी कोणी आंतोन पडणार. हे मी ओव्हरसियर असून मला सुचलं नाही? सुचलं होतं. मी ते बाजूला सारलं. आंतोनच्या खाटेशी बसलो होतो तेव्हाही तोंड उघडलं नाही. त्याचा पाय बघायचा आणि कारण पोटात ठेवून चहापुढे बसायचं, याहून लाजिरवाणं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

तू गटार उघडलंस ते एका दाराचं. पण अशी दारं त्या रस्त्यावर बरीच आहेत; कोणी बैलगाडीसाठी भरलं असेल, कोणी गोठ्यासाठी. नव्या ओव्हरसियरला भेटा. त्याला सांगा की प्रत्येक दारापुढे गटारावर लाद्यांची मोरी हवी. डांबरावर दुसरा पातळ थर आणि बारीक खडी हवी, म्हणजे पाण्याला फट मिळणार नाही. आणि लवूजवळ थोडं डांबर, थोडी खडी कायम असू द्या. खड्डा थाळीएवढा असताना बुजवला तर एक घमेलं पुरतं. तो परातीएवढा होईपर्यंत कागद फिरत बसले तर रोलर आणावा लागतो.

हे मी आधी करायला हवं होतं. मला डांबर टाकल्याचा अभिमान होता, राखण्याचा विचार मी दुसऱ्यावर सोडला होता.

तुझा
सत्यवान

*

साळमळे, १९ ऑगस्ट १९६४

सत्या,

इतके महिने लिहिलं नाही. सांगण्यासारखं पुरं झाल्यावर लिहावं असं ठरवलं होतं.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "मी कचेरीत जातंय." तुला ठाऊक आहे, वडिलांपुढे हे कधी पाण्याचा तांब्या मागतानाही मोठ्याने बोलत नाहीत. मामंजी आतल्या खोलीत होते. थोड्या वेळाने कोट घालून, टोपी घालून बाहेर आले आणि यांच्या मागून चालू लागले. एस.टी. बंदच होती. शिरोड्यापर्यंत दोघे चालत गेले, एकामागून एक. सावंतवाडीला कचेरीपुढे पोचल्यावर मामंजी पायरीवर बसले. हे म्हणाले, चला. ते म्हणाले, "माझ्यान बोलवचा नाय." यांनी आत जाऊन एकट्याने सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ओव्हरसियरने स्वतः लिहून दिलं आहे, ते प्रकरण मिटलं. तुमच्या गावची गटारं तेवढी सांभाळा. तुझी बदली फिरली नाही. यांना परत येताना रडू आलं असं हे मला सांगतात. मामंजी काय करत होते ते सांगत नाहीत.

मामंजी आता ओटीवर बसत नाहीत. मागच्या पडवीत बसतात. मी वाढलेलं जेवतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. तो राग आहे की दुसरं काही, मला कळत नाही. मीही विचारत नाही.

रस्ता मात्र झाला. नवा ओव्हरसियर तरुण आहे, यांच्याबरोबर सबंध रस्ता पायी हिंडला. तू लिहिलंस त्यातलं बरंच केलं. दारोदार लाद्यांच्या मोऱ्या आहेत. उतारावर दुसरा थर पडला. देवळाजवळ झापांचा एक मांगर बांधून त्यात लवूसाठी डांबराचं पिंप आणि खडी ठेवली आहे. उघडीप पडली की तो चूल पेटवून डांबर तापवतो आणि जिथे सालटं निघालं असेल तिथे ठिगळ लावतो. मृगाच्या आधी ज्याने त्याने आपल्या दारापुढचं गटार उपसलं. आमचं आम्ही दोघांनी उपसलं. यंदाचा आषाढ तुला माहीत असेलच कसा गेला तो. रस्ता जागचा हलला नाही. एस.टी. येते. डांबर खाल्लं असं आता कोणी म्हणत नाही. पण तसं म्हटलं होतं, हेही कोणी म्हणत नाही.

आंतोनला सायकल चालवता येत नाही. काठी घेऊन भट्टीपर्यंत जातो, कणीक मळतो. पहाटे त्याच्या भट्टीचा वास येतो आणि मी अंथरुणात डोळे मिटून पडून राहते. मी एकदा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले, सगळं सांगितलं, घमेल्यांचंही. तो म्हणाला, "माका ठावक होता गो, जुलियान सांगल्यान. बस, चाय घे." माझाही चहा तसाच थंड झाला.

जुलिया रोज टोपली घेऊन याच चांगल्या रस्त्याने चालत जाते, आरोंद्यापर्यंत. एस.टी.त टोपलीला जागा मिळाली तर बसते. आमच्या दारासमोर आली की मोरीच्या लादीवर क्षणभर थांबते आणि माझ्याआधी तीच हाक मारते, "आनंदी, बरी आसस मगो?"

मी रोज ठरवते, उद्या आपण आधी बोलायचं. ती दिसली की मी पुन्हा टोपलीकडेच बघते. तिने एकदा तरी तोंड फिरवून निघून जावं असं मला वाटतं. ती तसं करत नाही.

बाय